सोनगीरचं स्थळ

बेबाबाईच्या सासूचं नाव ताईबाई. सासू वारली, आणि पुढच्याच वर्षी बेबाबाईच्या मुलाला, पितांबरला, मुलगी झाली. पोरीचं कपाळ पाहून सगळी भावकी म्हणाली, "म्हातारीच परत आली!" मग दुसरं नाव ठेवायची कुणाची छाती होती? पोरीचं नाव ताईबाईच ठेवलं.

पंचाईत झाली ती बेबाबाईची. साऱ्या जन्मात सासूसमोर मान वर केली नाही, आता "ए ताईबाई, गप बस" असं तोंडातून निघावं कसं? म्हणून ती नातीला अहोजाहोच करायची. "अहो बाई, माती खाऊ नका." पोरगी शांतपणे तिच्याकडे बघायची आणि माती खायची. स्वभावही म्हाताऱ्या ताईबाईचाच उचलला होता.

पोरगी चालायला लागली त्या वर्षी सावद्याच्या बाजूला केळी चांगली गेली, आणि पितांबरने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घरी आणली. गावाने नारळ फोडला, बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून पुढे बांधली. आठवडाभर जीप मळ्यात जात-येत राहिली. मग एके रात्री जेवताना सुनेने, सुमनबाईने, भाकरी वाढता वाढता म्हटलं, "चार दिवस कुठंतरी फिरायला जाऊ या का?"

तोताराम नानांचा घास हातात राहिला. "फिरायला म्हणजे? कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. नुसतं."

"लग्न आहे कोणाचं?"

"नाही."

"कोणी गेलंबिलं?"

"नाही हो नाना. धुळ्याकडे जाऊ, किल्लाबिल्ला बघू, पिंपळनेरच्या बाजूचे डोंगर बघू, परत येऊ."

नानांनी बेबाबाईकडे पाहिलं. अशा वेळी ती नेहमी नवऱ्याच्या बाजूने खाकरायची. त्या रात्री ती खाकरली नाही. घराबाहेर ती लग्नाला, बाळंतपणाला किंवा रडायलाच गेली होती. कारणाशिवाय घराबाहेर पडायचं, ह्या विचारानेच तिला लहानपणी झोक्यावर बसल्यासारखं वाटलं.

"मी दशम्या करते," ती म्हणाली, आणि विषय संपला.

निघताना पहिला तमाशा झाला तो बसण्यावरून. नाना धोतर सावरून पितांबरच्या शेजारी बसले. पुरुषमाणूस पुढे, बायका मागे, ही बैलगाडीपासूनची रीत. पण मागच्या बाकावर ताईबाईने असा काही टाहो फोडला की गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. तिला पुढे, काचेजवळ बसायचं होतं. नानांनी तिला मांडीवर घेतलं, तर तिने त्यांची टोपी काढून रस्त्यावर फेकली. सुमनबाईने घेतलं, तरी रडं थांबेना. शेवटी बेबाबाईने घेऊन पुढे काचेजवळ धरलं आणि ती गप्प झाली.

"मग आता?" पितांबर म्हणाला.

नाना खाली उतरले, टोपी झटकली आणि मागे जाऊन दशम्यांच्या डब्याशेजारी बसले. बेबाबाई आयुष्यात पहिल्यांदा गाडीत पुढे बसली.

पुढे बसलेल्याला रस्ता येताना दिसतो, हे तिला माहीतच नव्हतं. आजवर सगळे रस्ते तिने मागे जातानाच पाहिले होते. तापीचा पूल आला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि आत खुदकन हसली. ताईबाई दोन्ही हात काचेवर आपटत ओरडत होती, "चय! चय!" तिला चल म्हणायचं होतं. गाडी चालली की ती राणी, आणि थांबली की भुई धोपटायची. त्यामुळे पितांबर कुठे थांबायलाच बघेना. पाणी चालत्या गाडीत प्यायचं, दशमी चालत्या गाडीत खायची. लोणच्याचं तेल नानांच्या सदऱ्यावर सांडलं तेही चालत्या गाडीतच.

पण जळगावला पेट्रोलसाठी थांबावंच लागलं. तिथे एक ओळखीचा केळीवाला भेटला.

"काय नाना, सगळं घर घेऊन? काय काम काढलं?"

खरं सांगायला नाना लाजले. साठीला आलेला शेतकरी माणूस शेत टाकून नुसता हिंडतोय, हे सांगायचं कसं? "सरकी बघायची होती," ते म्हणाले. एरंडोलला चहाच्या दुकानाशी दुसऱ्याने विचारलं, तर म्हणाले, "डॉक्टरकडे." त्या भल्या माणसाने जीपमध्ये डोकावून बेबाबाईकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं, की तिला खरंच कुठंतरी दुखायला लागलं. वर पेरूची पिशवी हातात देऊन तो म्हणाला, "वहिनी, धीर सोडू नका."

"कशाबद्दल?" बेबाबाईने पुढे गेल्यावर विचारलं.

"पेरू खा," नाना मागून म्हणाले.

पारोळ्याला जीपचं पाणी संपलं. पितांबर बादली घेऊन गेला, सुमनबाई ताईबाईला घेऊन जीपभोवती फेऱ्या मारू लागली आणि नाना पलीकडे एस.टी.च्या थांब्याजवळ एका उंच फेटेवाल्याशी बोलत उभे राहिले. बेबाबाईला ऐकू काही येत नव्हतं. एवढंच दिसलं, की फेटेवाला आधी हसला, मग त्याने आनंदाने नानांचा खांदा धरला, मग बोटांवर मोजत काहीतरी विचारलं. नाना मान हलवत होते, पण मान होकाराची की नकाराची ते त्यांनाही ठाऊक नसावं. तेवढ्यात एस.टी. आली. फेटेवाल्याने टप्पकन उडी मारून दांडी धरली आणि तो ओरडला, "उद्या! वाट पाहतो!"

नाना परत आले तेव्हा तोंड पेरूसारखं पिवळं पडलं होतं.

"कोण होता?"

"चुडामण. कापसाची दलाली करतो. बाजारातली ओळख."

"उद्या काय?"

"काही नाही."

रात्री धुळ्यात, देवपुरात, एका धर्मशाळेत मुक्काम केला. बेबाबाईला गाढ झोप लागली. सकाळी पांझरा नदीवरच्या थंडीत चहा पिताना सुमनबाई म्हणाली, "आज सोनगीरचा किल्ला."

"सोनगीर नको," नाना एकदम म्हणाले.

"का?"

"ऊन लागेल."

सगळ्यांनी आपापल्या अंगावरच्या शाली, स्वेटर, कानपट्ट्या पाहिल्या.

"तिथे माकडं फार."

"माकडं बघायला ताईबाईला आवडेल," सुमनबाई म्हणाली. जीप आग्रा रस्त्याला लागली. टेकडीवरचा किल्ला लांबून दिसू लागला तशी मागून नानांची चुळबुळ वाढली. शेवटी गाव समोर आलं आणि ते जवळजवळ ओरडलेच, "पितांबर, गाडी फिरव!"

बेबाबाई सगळ्या अंगाने मागे वळली. "आता सांगा काय केलंत ते."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या चुडामणने विचारलं, काय काम काढलं. सरकी झाली, डॉक्टर झाला, म्हटलं दर वेळी तेच काय सांगायचं. म्हटलं, स्थळ बघायला निघालो."

"कोणासाठी?"

"तेच त्यानेही विचारलं. मी म्हटलं, घरात मुलगी आहे."

बेबाबाईने मांडीवरच्या ताईबाईकडे पाहिलं.

"मग?"

"नाव विचारलं. खोटं कशाला सांगायचं? ताईबाई म्हटलं. म्हणाला, दिसायला कशी? म्हटलं, गोरी, अंगाने भरलेली. शिकलेली का? म्हटलं, अजून शाळेत घातली नाही. तो म्हणाला, बरंच आहे, घर सांभाळेल. स्वभाव विचारला. म्हटलं, माझ्या आईवर गेलीय." नानांनी घाम पुसला. "सोनगीरला आपल्याच समाजाचं एक घर आहे म्हणाला, दोन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. मुलगा कमावता आहे. मी सांगणारच होतो खरं काय ते, पण एस.टी. आली!"

पितांबरने जीप रस्त्याच्या कडेला घेतली, कारण हसू आवरत गाडी चालवणं त्याला जमेना. सुमनबाई दशम्यांच्या डब्यावर ओणवी झाली होती. बेबाबाईला आधी राग आला. तो चांगला घशापर्यंत आला, आणि तिथून त्याचं हसू कसं झालं ते तिला कळलंच नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. गाडी थांबली म्हणून ताईबाई तेवढी संतापली होती. "चय! चय!"

"बघा, नवरीला घाई झाली," पितांबर म्हणाला.

"गाडी फिरव," नाना पुन्हा म्हणाले.

"फिरवायची नाही," बेबाबाई डोळे पुसत म्हणाली. "ती माणसं चूल पेटवून वाट बघत असतील. तोंडावर जाऊन सांगू तरी."

वाट बघणारी माणसं खरंच होती. किल्ल्याखालच्या एका घरासमोर सडा टाकला होता, बाजेवर नवी सतरंजी होती, आणि चुडामण ताज्या फेट्यात उभा होता. घरची मालकीण तानुबाई विधवा, उंच, काटक. तिच्या मागे तिचा मुलगा पुना, नुकताच भांग पाडलेला, इस्तरीच्या सदऱ्यात इतका ताठ उभा होता की सदरा मोडेल ही भीती त्यालाच वाटत असावी.

"या, या," तानुबाई म्हणाली आणि थेट सुमनबाईकडे पाहून थबकली. गळ्यात मंगळसूत्र. मग तिने जीपच्या मागच्या बाजूला डोकावून पाहिलं. तिथे दशम्यांचा डबा होता. "आंडेर कोठे शे?"

आंडेर म्हणजे मुलगी, एवढं बेबाबाईला कळलं. तिने कडेवरची ताईबाई खाली ठेवली. ताईबाईच्या एका पायात बूट होता, दुसऱ्या पायातला हातात होता. ती डुलत डुलत सरळ पुनापर्यंत गेली, त्याच्याकडे मान वर करून बघितलं आणि हातातला बूट त्याला दिला.

"हीच ताईबाई," बेबाबाई म्हणाली.

चुडामणचं तोंड उघडं पडलं. नाना बाजेच्या खुराकडे बघत होते. आता ह्या बाईने झाडू उचलला तरी तिची चूक नाही, असं बेबाबाईला मनातून वाटलं. ती पुढे झाली आणि तानुबाईचा हात धरला. "ताई, माफ करा. आमच्यात लग्नाची मुलगी नाही. आम्ही फिरायला निघालो. हे सांगायला आमचे मालक लाजले, म्हणून हा घोळ झाला."

"फिराले?" तानुबाई म्हणाली. "बायका बी?"

"बायकाच निघाल्या. पुरुष मागे बसून आले."

तानुबाईने एकदा नानांच्या तेलकट सदऱ्याकडे पाहिलं, एकदा बूट हातात धरून उभ्या असलेल्या आपल्या ताठ लेकाकडे, आणि ती जी हसत सुटली ती थेट ओट्यावर बसली. पुनाही हसला. त्याच्या खांद्यांवरून कोणी पोतं उतरवून घेतल्यासारखा तो मोकळा दिसला. तो बसून ताईबाईच्या पायात बूट घालू लागला. चुडामण मात्र "मी तरी म्हटलं, अंगाने भरलेली म्हणजे किती..." असं काहीबाही पुटपुटत राहिला.

पोहे झाले, चहा झाला. "आता वर जाऊन येतो," सुमनबाई किल्ल्याकडे बोट दाखवून म्हणाली. "वरून काय काय दिसतं हो?"

तानुबाईने त्या बोटाकडे पाहिलं. "माले काय ठाऊक, माय? मना पाय कधी वर लागना नही."

"ह्याच्या सावलीत नांदलात आणि वर गेला नाहीत?" बेबाबाईने विचारलं.

"काय कामले जाऊ?"

बेबाबाई तिच्याकडे बघत राहिली. थोड्या दिवसांपूर्वी कोणी विचारलं असतं, तर तीही हेच म्हणाली असती. "उठा," ती म्हणाली. "चपला घाला."

पुनाने ताईबाईला खांद्यावर घेतलं. पायऱ्या ढासळलेल्या, वाट निसरडी. दोघी बायका एकमेकींचे दंड धरून, धापा टाकत, मधेच बसून, मधेच एकमेकींना ओढत चढल्या. नाना मागून टोपी सांभाळत येत होते. वर पोचल्यावर वाऱ्याने दोघींचे पदर एकदम उडवले, आणि दोघींनी ते सावरण्याआधी जरा वेळ तसेच उडू दिले.

तानुबाई तटाशी उभी राहून खाली बोट करत होती. "ते मनं घर! ती मनी गाय! हाई बठ्ठं मनं गाव!" सगळं गाव पायाखाली होतं. रोज ज्या गल्ल्यांतून पाणी आणलं त्या गल्ल्या वरून एका परातीत मावतील एवढ्या दिसत होत्या. पुढे सरळ पट्ट्यासारखा आग्रा रस्ता, त्यावर मुंगीएवढे ट्रक. पश्चिमेला, पार लांब, निळसर डोंगरांची एक ओळ होती.

"ते डोंगर कोणते?" तानुबाईने विचारलं.

"पिंपळनेरच्या बाजूचे," पितांबर म्हणाला. "आज तिकडेच निघालोय आम्ही."

तानुबाई हळूच म्हणाली, "पिंपळनेरले मनी बहीण शे." बऱ्याच दिवसांत भेट नव्हती. एस.टी. बदलून जावं लागतं, घर कोणावर टाकायचं, आणि विशेष काही काम निघत नाही.

"मग चला की आमच्याबरोबर," बेबाबाई म्हणाली. खाली उतरल्यावर तानुबाई घरात गेली ती लुगडं बदलून, हातात गाठोडं आणि मिरच्यांची पुडी घेऊन बाहेर आली. गाय पुनाने बघायची ठरली. चुडामणने, निदान एक तरी जमवाजमव केल्याच्या समाधानाने, गाठोडं जीपमध्ये ठेवलं.

मग जीप सुरू होईना. पितांबरने हँडल मारून पाहिलं, शिव्या देऊन पाहिलं. शेवटी बायकांना बसवून पुरुषांनी उतारावर ढकलायला घेतलं: पुना, चुडामण, आणि धोतराचा काचा मारलेले नाना. जीप खोकली, गचके खाल्ले आणि एकदम धावत सुटली.

"थांबव!" सुमनबाई ओरडली. "नाना राहिले!"

"थांबवली तर परत बंद पडेल!"

नाना धावत होते. टोपी एका हातात, धोतराचा सोगा दुसऱ्या हातात, साठीला आलेला माणूस भर रस्त्यात धावत होता, आणि गल्लीतली पोरं त्यांच्या बरोबरीने. तानुबाईने मागचं फळकं पाडलं, अर्धं अंग बाहेर काढलं आणि काटक हात पुढे केला. नानांनी तो धरला. एका हिसक्यात ते आत, दशम्यांच्या डब्यावर येऊन पडले.

बेबाबाई पुढच्या जागेवरून वळून पाहत होती. नवऱ्याला इतक्या जोरात धावताना तिने कधी पाहिलं नव्हतं. नाना धापा टाकत होते, आणि धापा टाकता टाकता हसत होते, दात दिसेपर्यंत, लहान पोरासारखे.

तानुबाईने गाठोडं सोडून गुळाचा खडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. जीप धुळ्याच्या रस्त्याला लागली. तिथून साक्री, आणि साक्रीच्या पुढे डोंगर.