चौथ्या खोलीची नोंद

जळगावात केळी पिकवायच्या गारखोल्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या देवचंदभाऊंच्या ऑफिसात जीवनचा सात वर्षं दबदबा होता. कारण एकच. प्रोग्राम दर मिनिटाला लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, ओळी लिहायचा, आणि त्या जीवनने घातलेल्या होत्या: 'इथं आलं', 'बठ्ठं बरं शे' म्हणजे सगळं ठीक, 'गेलं'. काय गेलं, कुठल्या खोलीतलं गेलं, हे एकट्या जीवनला कळायचं. चाळीसगावचे व्यापारी म्हणायचे, जीवनभाऊंनाच द्या. जीवनभाऊ आधी चहा संपवायचे.

मग धुळ्याच्या देवपूरमधून नौशीन कामाला आली. तिनं तीन आठवड्यांत प्रत्येक नोंदीला रकाने पाडले: वेळ, खोली, कोणी, काय झालं. खोलीचा नंबर टाकला की बिघाड समोर. आता ऑफिसातलं कोणीही फोन घेऊ लागलं. जीवनच्या पोटात दुखायला लागलं. काल आलेली पोरगी आपली खुर्ची घेऊन चालली, दुसरं काही त्याला सुचेना. नौशीन नवी पद्धत सगळ्यांना समजावत होती, तेव्हा हा मुद्दाम मोबाइल बघत बसला होता.

एका दुपारी ती जेवायला गेली आणि जीवनने गुपचूप नोंदी बंद केल्या. काही बिघडलं की बाईसाहेब कोऱ्या पडद्यासमोर बसतील आणि लोक पुन्हा आपल्याकडे धावतील, एवढाच त्याचा हिशेब.

तासाभरात चाळीसगावहून फोन आला. चौथ्या खोलीतला गारवा बंद, केळी तापताहेत. इकडे जेवून आलेल्या नौशीनचा पडदा कोरा.

"जीवन, तूच देख रे भो," देवचंदभाऊ म्हणाले.

किती महिन्यांनी ऐकलं हे. जीवन ऐटीत बसला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ओळी नव्हत्याच, आणि सगळ्यांसमोर त्या सुरू करायच्या तर आपणच पकडले जाणार. त्याला तरी काय कळणार? त्यानं उगाच बटणं दाबली. तिकडे व्यापारी फोनवर तसाच होता.

नौशीननं शांतपणे नोंदी सुरू केल्या, खोलीचा पंखा अडकलाय ते व्यापाऱ्याला सांगितलं. मग नोंदी थांबल्या कशा, ते शोधलं. सेटिंग कोणी बदललं तर त्याची नोंद वेगळी होते, ती बंद करता येत नाही. नवी पद्धत समजावतानाच तिनं हे सांगितलं होतं.

पडद्यावर एकच ओळ आली. ती वाचून नौशीननं पडदा देवचंदभाऊंकडे वळवला.

सात वर्षांत लॉगमधलं अक्षरही न कळलेले देवचंदभाऊ चष्मा लावून वाकले आणि सावकाश वाचू लागले.

"वेळ, दोन दहा. काय झालं, नोंदी बंद. कोणी..."

पुढचा शब्द त्यांनी मोठ्यानं वाचला नाही.