कॅबिनेटमधली बोरमाळ

"बोरमाळ माझ्या गळा, मणी मोजते उजेडात,
मधला मणी पुनमबाई, बाकी सारं गणगोत."

पीठ चाळताना आई हे म्हणायची, चाळणीच्या ठेक्यावर. तो आवाज अजून कानात आहे. चेहरा फोटोत दिसतो तेवढाच.

त्र्याण्णवच्या गणपतीत मी नऊ वर्षांची होते आणि आरास बघायला लातूरला मावशीकडं आले होते. विसर्जन झालं, आणि पहाटेच्या भूकंपात औशाकडचं आमचं गाव आडवं झालं. दगडमातीच्या भिंती होत्या. आईवडील त्याखालीच राहिले. आठव्या दिवशी महानंदामावशी गावाकडनं आली ती पदराच्या गाठीत आईची बोरमाळ घेऊन. सोन्याचे पोकळ मणी, आत लाख भरलेली, एक मणी चेपलेला. आईचं माझ्याकडं तेवढंच राहिलं.

माझ्याकडं म्हणायचं, एवढंच. दिवाळीच्या दिवशी मावशी फडकं सोडायची, मी हात फिरवायची, की फडकं पुन्हा बांधलं जायचं. "गळ्यात घालू का?" विचारलं की ती म्हणायची, "लग्नात."

ते लग्न दहा वर्षांनी ठरलं. देवणीचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. आणि लग्न ठरताच मावशीनं वेगळंच काढलं.

"बोरमाळ आटवू, अन् डिझायनर सेट घेऊ. आजकाल कोण घालतंय बोरमाळ? तुझ्या जावा हसतील."

"हसू दे. मला तीच घालायची हाय."

"पुने, हट्ट करू नको."

लग्नात आईची माळ गळ्यात असावी, याहून जास्त मला काहीच नको होतं. आणि ज्या बाईनं मला लेकीसारखं वाढवलं, तीच ती माळ भट्टीत घालायला निघाली होती.

त्याच आठवड्यात घरात संगणक जोडायचं काम चाललं होतं. बारावीत दोनदा मेडिकल हुकल्यावर मी क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायला लागले होते. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते, आणि प्रत्येकाला दर रविवारी टेस्ट लागायची. दुसऱ्याच्या दुकानात रांग लावून टाइप करण्यापेक्षा आपलाच संगणक असावा, देवणीलाही सोबत नेता यावा, असं मनात होतं. मुबश्शिरा माझी बारावीची मैत्रीण. नांदेडला हार्डवेअरचा कोर्स केलेली. ती एसटीनं आली, मांडीवर मदरबोर्डचं खोकं धरून.

"कंडक्टर म्हणला, खोक्याचं तिकीट काढा," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "मी म्हणलं, माझं बाळ हाय, अर्धं बी लागत न्हाई."

सतरंजीवर आम्ही सगळं मांडलं. लोखंडी कॅबिनेट, वीज पुरवणारा सप्लाय, हार्डडिस्क, कुणीतरी वापरून सोडलेला मॉनिटर.

"आधी नळाला हात लाव," मुबश्शिरा म्हणाली. "अंगातली वीज जाऊ दे. न्हाईतर बोर्ड जळंल."

मावशीचे यजमान, डाळमिलमध्ये मुकादम असलेले वीरभद्रकाका, चहाची बशी धरून उभे होते. "दोघी मिळून डबडं उघडून राहिल्या," ते म्हणाले. "हे चालू झालं तर मी मिशी काढतो."

"काका, मिशीला शेवटचा रामराम करून घ्या," मुबश्शिरा म्हणाली.

रॅम बसताना 'टक्' वाजली. प्रोसेसर मी स्वतः बसवला, श्वास धरून. रविवारी दुपारी बटण दाबलं, पंखा घरघरला आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि मिलमध्ये काम आहे म्हणून निघून गेले. मुबश्शिरानं सांगितलं, "झाकणाचे स्क्रू आत्ताच कसू नको. एक-दोन दिवस चालवून बघ." ती संध्याकाळच्या गाडीनं नांदेडला गेली.

सोमवारी मावशी मला गुरुबसप्पा सराफांच्या दुकानात घेऊन गेली. सराफांनी अल्बम उघडला. मोराचा सेट, कमळाचा सेट, मीनाकाम केलेला, चोकरवाला.

"हे बघ पोरी, हे कलकत्त्याचं काम," ते म्हणाले. "अंगावर दोन तोळे, दिसायला पाच."

मावशी पानं उलटत होती. एका पानावर थांबायची, बोट ठेवायची, पुन्हा मागं जायची. एवढ्या वेळात तर तिनं माझं स्थळ ठरवलं होतं.

"हा कसा हाय?"

"तुला आवडला तर घे," मी म्हणाले. माझा आवाज कोरडा होता आणि तो तसाच असावा असं मला वाटत होतं.

"जुना डागिना आणलाय ना?" सराफांनी ताजवा पुढं ओढला. "लाख वजनात धरणार न्हाई, आधीच सांगतो."

मावशी पिशवीत हात घालून बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "इसरले जणू. घरीच ऱ्हायली."

सराफ हसले. "मावशी, सोनं इसरणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय."

रस्त्यानं ती भराभर पुढं चालत राहिली. मला एवढंच कळलं होतं की माळ अजून शाबूत आहे.

घरी आले आणि बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. बोर्ड गेला असता तर पुन्हा घ्यायची ऐपत नव्हती. प्लग काढला, नळाला हात लावून आले, आडव्या ठेवलेल्या कॅबिनेटचं झाकण सरकवलं.

मदरबोर्डवर, रॅमच्या शेजारी, बोरमाळ पडली होती. फडकं अर्धं सुटलेलं, मणी बोर्डाच्या उघड्या पिनांवर.

आमच्या घरात कुणालाही कळली असती ती गोष्ट मला तेव्हा कळली. भूकंपापासून मावशी कोनाड्यात, कपाटात, भिंतीच्या आसपास मोलाची वस्तू ठेवत नव्हती. जे उचलून अंगणात पळता येईल त्यातच ठेवायची. आधी बिस्किटाचा पत्र्याचा डबा, मग माझं दप्तर, मग काकांची जेवणाची पिशवी. आता घरात नवा लोखंडी डबा आला होता, हातानं उचलता येणारा, बिनस्क्रूचा.

"मावशी."

ती दारात उभी होती. तिनं माळ बघितली, उघडा डबा बघितला. "जळलं का गं ते?" तिनं विचारलं. "माझ्यामुळं?"

मी माळ काढून सतरंजीवर ठेवली, प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. अक्षरं आली. मावशी सतरंजीवर येऊन बसली.

"शॉर्ट झालं तसा सप्लायच बंद पडला, म्हणून बोर्ड वाचला," मी म्हणाले. पण आता राग बोर्डाचा नव्हता. "इसरली न्हाईस तू. सकाळीच लपवलीस. आटवायची म्हणतीस, अन् लपवून बी ठेवतीस. मला घालू बी देत न्हाईस. कामून गं? माझ्या आईची एक वस्तू माझ्या अंगावर बघवत न्हाई का तुला?"

शब्द तोंडातून गेले आणि मला ते परत घ्यावेसे वाटले. मावशीनं पदर तोंडाशी धरला नाही की डोळे पुसले नाहीत. तिनं माळ उचलली आणि चेपलेल्या मण्यावर अंगठा ठेवला.

"शाळंपुढं चादर हातरली होती," ती म्हणाली. "ढिगाऱ्यातनं निघालेलं समदं तीवर मांडलेलं. ओळखा अन् सही करून न्या म्हणले. तीन बोरमाळा होत्या, पुने. तिन्ही सारख्या. एकाच सोनाराकडच्या, त्या गावात दुसरा सोनार कुटं होता?"

मी संगणक बंद केला नाही. पंखा चालू होता.

"अक्काची कंची, मला कळंना. सख्खी बहीण मी, तिच्या गळ्यात इतकी वर्षं बघितलेली, अन् कळंना. माझ्या मागं रांग. एक म्हातारा सारखा म्हणत होता, बाई, आटप. पोरीला आईचं काईतरी पायजे म्हणून मी कडेची उचलली. सही केली. तुला घालू दिली असती तर दरवेळी वाटलं असतं, कुणा दुसरीच्या आईची घातली. आटवली असती तर ती कुणाची, हा घोरच मिटला असता; पण न्यायला निघावं तर वाटायचं, अक्काचीच असली तर?"

तिनं माळ माझ्या मांडीवर ठेवली आणि हात मागं घेतला.

"तुझ्या आईची हाय का न्हाई, मला ठावं न्हाई, पुने. तवाबी नव्हतं."