रुसलेले केस

थोरला न्हावी धाकट्या भावावर रुसला तो मुख्याध्यापकांच्या डोक्यावरून. ते डोकं वर्षानुवर्षं थोरल्याच्या खुर्चीतलं. एकदा तो पाणी आणायला दुकानामागे गेला, तेवढ्यात धाकट्यानं त्यांना शेजारच्या आपल्या खुर्चीत बसवून, केस कापून मोकळं केलं. वर विचारतो, "दादा, एवढं काय बिघडलं?" बिघडलं काय! धाकटा 'चुकलो' म्हणेपर्यंत बोलायचं नाही, असं ठरवून थोरल्यानं अबोला धरला.

पण एक पंचाईत होती. वडील गेल्यापासून थोरल्याचे केस धाकटाच कापायचा. परक्या न्हाव्याच्या हाती डोकं देणं म्हणजे धंद्याची नाचक्की. मग काय, केस वाढत सुटले. आधी कानांवर, मग डोळ्यांवर, मग पार खांद्यांवर. "वाढू देत," तो बायकोला म्हणाला, "त्याला रोज दिसले पाहिजेत."

धाकट्याला दिसायचे, आणि तो खुशाल शीळ घालत काम करायचा. तोटा झाला थोरल्याचाच. केसांच्या पडद्याआडून वस्तरा घेऊन येणाऱ्या माणसापुढे मान कोण देणार? एकेक गिऱ्हाईक धाकट्याकडे सरकलं.

शेवटी एका सकाळी थोरल्यानं गिऱ्हाईक समजून खुंटीवरच्या टॉवेलाची दाढी केली. अगदी साबण फासून, हनुवटी वर करायला सांगून. टॉवेल कुरकुरला नाही म्हणून त्याला बरंही वाटलं. मग मात्र तो घाबरला.

मुकाट्यानं तो धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसला. धाकट्याचे डोळे भरून आले. कात्री चालू लागली. अर्धं डोकं मोकळं झालं तसं थोरल्याला इतकं हलकं वाटलं, की तो मोठ्या मनानं म्हणाला, "जा, केलं तुला माफ."

कात्री थांबली.

"माफ? मला? मी काय केलंय?" धाकट्यानं कात्री खिशात घातली. "इतके दिवस दादाचं तोंड दिसलं नाही मला. आधी तू म्हण, चुकलो."

थोरल्यानं आरशात पाहिलं. हा शब्द ऐकायची तयारी त्यानं केवढी केली होती! म्हणायची मात्र एकदाही नाही. तरी त्यानं तोंड उघडलं, केसांचे तुकडे आत गेले आणि ठसका लागला. "चु..." एवढंच बाहेर पडलं.

धाकट्यानं कात्री काढली, तेवढ्यापुरती एक बट कापली आणि पुन्हा थांबला.

थोरल्याला रडू आलं, आणि राग तर त्याहून जास्त आला. पण उठावंसं काही वाटेना. त्यानं मान थोडी पुढे केली.