दुखत नाही ना आता?

फुलांच्या गोदामात दोनच बायका होत्या, म्हणून एकीला सगळे थोरली म्हणायचे आणि दुसरीला धाकटी. थोरली पन्नाशी ओलांडलेली, तोंडाची फटकळ पण मनाची मऊ. धाकटी तिशीतली, हाताने चपळ आणि बोलायला बेताची. सकाळी ट्रकमधून खोकी उतरायची. ती फोडायची, देठ तिरके छाटायचे, खालची पानं काढायची, फुलं बादल्यांत उभी करून थंड खोलीत ढकलायची आणि मग दुकानांच्या मागणीप्रमाणे जुड्या बांधायच्या. थंड खोलीत जाताना जो तो जाड जाकीट चढवायचा आणि तरीही हात चोळतच बाहेर यायचा.

धाकटीचं दुखणं गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. लपून राहण्यासारखं ते नव्हतंच. पाळी आली की ती टेबलाची कड धरून वाकायची, ओठ पांढरेफटक पडायचे. एकदा तर ती गुलाबांच्या खोक्यांवरच आडवी झाली होती. वर्षानुवर्षं डॉक्टर बदलून झाले. एक म्हणाला, नाजूक प्रकृती आहे. दुसरा म्हणाला, मूल झालं की सगळं सुरळीत होईल. शेवटी एका डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून पोटात पाहिलं आणि दुखण्याला नाव दिलं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर, भलत्याच जागी रुजलं होतं. पाळी आली की तेही सुजायचं, आतल्या आत गळायचं आणि जिथे तिथे चिकटून बसायचं. जे काढता आलं ते त्यांनी काढलं आणि उरलेलं परत डोकं वर काढू नये म्हणून दर महिन्याला हार्मोनचं इंजेक्शन सुरू केलं.

"शरीराला वाटेल, पाळी जायचं वय झालं," बाई म्हणाल्या. "तात्पुरतं हं. थोडं गरम वगैरे होईल."

त्या 'वगैरे'त काय काय मावतं, ते धाकटीला पुढे कळलं.

दुखणं मात्र गेलं, हे खरं. पाळी यायची थांबली आणि कंबरेतली ती सुरी कुणीतरी उपसून काढावी तसं झालं. नवऱ्याला तर आभाळ ठेंगणं झालं. त्याचं कोपऱ्यावर सलून होतं आणि त्याची जीभ कात्रीच्या वरताण चालायची. खुर्चीत बसेल त्याला तो सांगायचा, "आमची ही आता एकदम ठणठणीत! एका इंजेक्शनात फरक!" धाकटीच्या आईला त्याने स्वतः फोन केला. आई फोनवरच रडली. "सुटलीस गं बाई," म्हणाली, "आता मला शांत झोप लागेल."

आईला झोप लागायला लागली आणि लेकीची उडाली.

आधी झळा आल्या. छातीच्या मध्यावर कुणी काडी ओढावी, तशी धग उठायची, ती मान, कान, टाळू करत वर चढायची आणि क्षणात अंग घामाने निथळायचं. मागोमाग हुडहुडी. मग बोटांचे सांधे धरले. देठ छाटायची कात्री सकाळी मिटता मिटेना. मग डोक्यात धुकं. पांढरी लिली सांगितली तर ती बादलीपाशी जाऊन उभी राहायची आणि आपण कशाला आलो तेच आठवायचं नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे रडू. कारण नाही, काही नाही, भांडी विसळताना डोळे आपले वाहायला लागायचे.

आणि नवरा. दुखण्याच्या दिवसांत त्याने कधी हट्ट धरला नव्हता, उलट तिचे पाय चेपून दिले होते. आता दुखणं गेलं तसा तो आशेने जवळ यायला लागला. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण तिचं अंग जणू घर सोडून गेलं होतं. कोरडं, ठणठणीत कोरडं. ती डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची आणि तो समजूतदारपणे कूस बदलायचा. त्या समजूतदारपणाने तिला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सांगायचं कुणाला? संध्याकाळी तो घरात पाऊल टाकतानाच विचारायचा, "दुखत नाही ना आता?" ती म्हणायची, "नाही." त्यावर त्याचा चेहरा असा उजळायचा की पुढचं वाक्य तिच्या घशातच विरघळायचं.

थोरलीने मात्र ओळखलं. सगळे जाकिटात गुरफटलेले असताना धाकटी बाह्या सरसावून, खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घेत उभी होती.

"अगं बया!" थोरली हसत सुटली. "माझ्या पंगतीला येऊन बसलीस की काय? मला वाटलं या गोदामात भट्टी माझ्या एकटीचीच पेटलीय!"

धाकटीने इंजेक्शनचं सांगितलं. मग दोघी खूप हसल्या. पुढचे काही दिवस मजेत गेले. झळ आली की एकमेकींना खूण करायची आणि काहीतरी आणायच्या बहाण्याने थंड खोलीत पळायचं. थोरलीने उपाय सांगितले. सुती कपडे घाल, मानेवर ओला रुमाल ठेव, नवऱ्याची गोधडी वेगळी कर.

एके दिवशी थोरली आपल्या लेकीचं सांगत होती. लेकीला दिवस गेले होते, तिला वासच सहन होत नव्हते, जावई कसा गोंधळून गेला होता. सांगता सांगता ती एकदम थांबली. धाकटीकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे. त्या कार्नेशनच्या जुड्या झाल्या का?"

"थोरले, सांग ना पुढे."

"काही नाही गं, तेच ते आपलं."

त्यानंतर थोरलीने लेकीचं नाव काढलं नाही. जपून बोलायला लागली, आवाजही खाली आणून. तेव्हा धाकटीच्या ध्यानात आलं की पंगत एक नव्हतीच. थोरली त्या वाटेवर आपल्या पायांनी, पोरं वाढवून, सावकाश चालत आली होती. हिला मात्र कुणी उचलून तिथे नेऊन ठेवलं होतं. पुढेमागे परत आणून सोडतील, पण नक्की कुठे, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती पुन्हा एकटीच थंड खोलीत जायला लागली.

तिथेच तिला व्हॅनवाल्या काकांनी पाहिलं. दुकानांना माल पोचवणारा हा म्हातारा अबोल माणूस. ट्यूलिपच्या बादल्या घ्यायला ते आत शिरले, तर धाकटी उलट्या बादलीवर बसून ढसाढसा रडत होती. अंगात जाकीट नाही, पाठीवर घामाचा ओला डाग. काका दचकले. "घरी काही...?" एवढंच त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही. काकांनी आपल्या मनाने अर्थ लावला.

दाढी करायला ते तिच्याच नवऱ्याकडे जायचे. त्या आठवड्यात खुर्चीत बसले, गालांना फेस लागला, नवऱ्याने वस्तरा गळ्याशी टेकवला आणि काका आरशात बघत म्हणाले, "पोरीला त्रास देत असशील तर बरं नाही ते."

"वस्तरा निसटता निसटता राहिला!" संध्याकाळी नवरा घरात येरझाऱ्या घालत होता. "चार गिऱ्हाइकं बसलेली. मी बायकोला छळतो म्हणे! मी? गोदामात बसून रडतेस तू? मी काय केलंय असं?"

"तू काही नाही केलंस."

"मग? दुखतंय का पुन्हा?"

"नाही."

"दुखत नाही, मी काही केलं नाही, मग रडतेस कशाला?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. धग नेमकी तेव्हाच उठली. मान लाल झाली, कपाळावर घामाचे थेंब फुटले आणि हनुवटीवरून खाली ओघळले. तो बघतच राहिला. इतके महिने एका घरात राहून त्याने हे असं समोरून कधी बघितलं नव्हतं. ती दर वेळी न्हाणीघरात जाऊन उभी राहायची.

"हे असं होतं," ती म्हणाली. "दिवसातून कितीदा तरी. झोप नाही, बोटं वळत नाहीत, तुझ्या जवळ यावंसं वाटत नाही. कुणाच्याच जवळ यावंसं वाटत नाही. दुखायचं तेव्हा तुम्ही सगळे होता. आता दुखत नाही, म्हणून कुणाला सांगताच येत नाही."

तो मटकन खाली बसला. ती वाट बघत राहिली. तो रागावेल, नाहीतर उठून जवळ घेईल, असं तिला वाटलं. त्याने यातलं काहीच केलं नाही. म्हणाला, "मला वाटलं होतं, संपलं एकदाचं."

त्याच्या आवाजात इतका थकवा होता की तिला त्याचीच कीव आली. तिच्या दुखण्याचं ओझं त्यानेही वाहिलं होतं, नुकतंच कुठे खाली ठेवलं होतं. दुसरं उचलायला त्याच्या खांद्यात बळ नव्हतं. तिने पाणी आणून दिलं. आजारी ती आणि पाणी देतेयही तीच, हे लक्षात आल्यावर तिला हसू आलं, पण ते तिने गिळलं.

तरी पुढच्या खेपेला सलून दुपारभर बंद ठेवून तो तिच्याबरोबर दवाखान्यात आला. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकलं. "आधी का नाही सांगितलंत?" म्हणाल्या. त्यांनी सोबत कमी ताकदीच्या हार्मोनची एक गोळी लिहून दिली. झळा बऱ्याच कमी होतील, हाडांनाही आधार मिळेल. इंजेक्शन कायमचं द्यायचं नसतं, काही महिन्यांनी थांबवू.

"थांबवल्यावर दुखणं परत येईल?" नवऱ्याने विचारलं.

"येऊ शकतं," बाई म्हणाल्या. "तेव्हा दुसरं काही बघू."



परत येताना बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. हा माणूस इतका वेळ गप्प बसलेला तिने कधी बघितला नव्हता. मग तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं, "कसं वाटतं गं ते? ती झळ येते तेव्हा?"

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. ती गडबडली. "म्हणजे... आधी भीती वाटते. उगाच. काहीतरी वाईट घडणार आहे असं. मग इथून," तिने छातीवर हात ठेवला, "इथून गरम होत वर जातं. तेव्हा वाटतं, सगळे आपल्याकडेच बघताहेत. आणि कुणी बघत नसतं."

"भीती?" तो म्हणाला. "भीती कशाची?"

ती शब्द शोधत होती, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, सलून बंद का म्हणून विचारत होतं. "येतोय येतोय, पोचलोच," तो नेहमीच्या उत्साहात बोलायला लागला. मग दाढीवरून, नव्या कात्रीवरून, कुणाच्या तरी टकलावरून गप्पा रंगल्या. तो मनापासून हसला. तिला त्याचा राग आला नाही. इतक्या दिवसांनी त्याला हसू येत होतं.

अर्धं तरी सांगून झालं होतं. उरलेलं तिने स्वतःशीच जुळवायला घेतलं. भीती कशाची, भीती कशाची. उत्तर सापडण्याआधीच छातीत काडी ओढली गेली. तिने खिडकीची काच सरकवली. मागच्या बाकावरची बाई कुरकुरली, "बाहेर केवढी थंडी आहे!"

"हो," धाकटी म्हणाली, "थोडा वेळच," आणि चेहरा वाऱ्यात धरून बसली.