झेंडूच्या हाराखालची फायरवॉल

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही मला एखादा चपटा डबा समजाल. अंगाने करडी, पुढे पाच-सहा बारके दिवे, मागे वायरी खोचायला खाचा आणि दोन्ही कुशींना श्वास घ्यायला जाळी. माझं नाव फायरवॉल. बाहेरून येणारं इंटरनेट आधी माझ्यापाशी येतं. मी ते तपासते आणि मगच आत कॉम्प्युटरांकडे सोडते. नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरला तिसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर वकिलांचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या कपाटावर मी पाच वर्षं बसले आहे. आमच्यात पाच वर्षं म्हणजे वय झालंच म्हणायचं. पण काम विचाराल तर आजही चोख.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एकाच पट्ट्यावर आम्ही शेकडो बहिणी तयार झालो. कुणी बँकेत गेल्या, कुणी इस्पितळात. माझ्या वाट्याला चार कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कागदपत्रं साठवायची एक पेटी आली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. राखण लहान घराची असो की मोठ्या, ती मन लावूनच करायची असते.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते स्नेहलने. ती करावे गावची. तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे, आणि ही ऑफिसाऑफिसांतून वायरी टाकत फिरते. तिने पहिलं काम काय केलं असेल, तर कारखान्यातून आलेला माझा पासवर्ड बदलला. कारण तो जगाला ठाऊक असतो.

"अगं, ऑफिसचंच नाव ठेव की पासवर्डला," वकीलसाहेब म्हणाले, "लक्षात राहील."

"साहेब, तुमच्या लक्षात राहील तसा चोराच्याही राहील."

साहेब हसले. मग स्नेहलने मला नियम दिले. आधी सगळ्या वाटा बंद. मग ज्या कामाला लागतील तेवढ्याच उघडायच्या. ईमेलची वाट उघडी, कोर्टाच्या संकेतस्थळाची उघडी, बाकी विचारून. संध्याकाळी जुने कारकून वामनकाका तणतणत आले.

"कॉम्प्युटरवरची माझी भजनं कुणी बंद केली? ही पेटी नास्तिक आहे काय?"

"काका, जेवणाच्या सुट्टीत चालू ठेवते. बाकीचा वेळ मनातल्या मनात म्हणा!"

शेवटी तिने मला एक नेम लावून दिला. रोज सकाळी आठ वाजता तिच्या फोनवर चार ओळींचा निरोप पाठवायचा, की काल किती जणांना दारात अडवलं, किती जणांना आत घेतलं. मित्रांनो, तो नेम मी आपणहून एक दिवसही चुकवला नाही. बाहेर माणसं येत-जात होती, सण होत होते, माझे चार शब्द आठच्या ठोक्याला निघत होते.

आमच्या ऑफिसात गावठाणातली माणसं येत. घराचे जुने कागद घेऊन यायची. टायपिंग आणि सगळं दफ्तर सांभाळणाऱ्या वैशालीताई ते कागद एकेक करून स्कॅन करायच्या आणि त्या साठवणीच्या पेटीत गावागावाच्या नावाने ठेवायच्या. करावे, दारावे, सारसोळे. सारसोळ्याच्या मुक्ताबाईंचा कागदही त्यात होता. त्यांच्या घरातली ट्रंक वाळवीने खाल्ली आणि मूळ कागदाचा भुगा झाला. उरली ती आमच्याकडची एकच प्रत. त्या कागदावर जुना नोंदणी क्रमांक होता. तो दाखवला की सरकारी दफ्तरातून मूळ नोंद निघणार आणि मुक्ताबाईंचं राहतं घर त्यांच्या नावावर टिकणार. सुनावणी दसऱ्यानंतरच्या मंगळवारी होती.

गेल्या वर्षीची ही गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ऑफिसात यंत्रांची पूजा झाली. वैशालीताईंनी प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, प्रिंटरला फूल वाहिलं. माझी आठवण त्यांना दरवर्षी असते. त्या म्हणाल्या, "ही बिचारी बोलत नाही, पण राखण हीच करते." आणि या वेळी त्यांनी झेंडूचा भरगच्च हार दोन पदर करून माझ्या अंगावर घातला. माझं मन भरून आलं. पण हाराने माझ्या दोन्ही कुशींच्या जाळ्या झाकल्या गेल्या. तासाभरात मी तापले, आणि नेट रखडू लागलं.

"ताई, हार काढू का जरा?" वामनकाकांनी विचारलं. त्यांना एक अर्ज पाठवायचा होता.

"छे हो काका! आत्ता तर पूजा झाली. दसरा झाल्याशिवाय हार हलवायचा नाही."

वामनकाकांनाही ते पटलं. मग त्यांनी हाराला हात न लावता माझ्या पाठीतली वायर काढली, आणि इंटरनेट सरळ आतल्या कॉम्प्युटरांना जोडून दिलं. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केले.

"बघा, नेट कसं पळतंय! उगाच हिच्या हातून गाळून घेत होतो. दोन दिवसांनी लावू परत."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ताईंनी हार उतरवून निर्माल्याच्या पिशवीत ठेवला. माझं अंग निवलं. वायर मात्र कुणाला आठवली नाही. माझे दिवे लुकलुकत होते, म्हणून सगळ्यांना वाटलं मी कामावर आहे. माझ्यासमोरून सगळं जग आत जात होतं आणि मी नुसती बघत होते. वायरच नसल्याने माझा आठचा निरोपही बाहेर पडत नव्हता.

सोमवारी सकाळी मुक्ताबाई प्रत न्यायला आल्या.

"बाय, माजा कागद हाय ना? उंद्या सायबाम्होरं काय दावू?"

"आहे हो मावशी, बसा. चहा घ्या," ताई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना एक मेल दिसली. "सुनावणीची तारीख बदलली आहे, पत्र उघडा." मुक्ताबाई समोरच बसलेल्या. ताईंनी काळजीने ते पत्र उघडलं. ते पत्र नव्हतंच, पत्राच्या वेशात आलेला चोर प्रोग्राम होता. आत शिरलेल्या त्या चोराने बाहेरच्या कुठल्याशा अनोळखी ठिकाणाशी बोलणं केलं आणि साठवणीच्या पेटीतल्या फायलींना कुलपं लावायला सुरुवात केली. मी माझ्या जागी असते, तर त्या अनोळखी ठिकाणाकडे जाणारी वाट कधीच उघडली नसती.

"काका, करावेच्या फायली उघडत नाहीत हो!" ताई ओरडल्या. "आता दारावेच्या पण!"

"आनि माज्या?" मुक्ताबाई उठून उभ्या राहिल्या.

त्याच वेळी दार ढकलून स्नेहल आत आली. माझा निरोप गुरुवारपासून तिला मिळाला नव्हता. आधी तिला वाटलं, सणाची सुट्टी, वीज बंद ठेवली असेल. पण सोमवारीही आठ वाजून गेले तेव्हा तिने स्कूटर काढली. तिने ताईंचा चेहरा पाहिला, कॉम्प्युटरचा पडदा पाहिला, आणि कुणाला काही न विचारता साठवणीच्या पेटीची वायर उपटली. मग बाकीच्या सगळ्या.

तिने ती पेटी आपल्या कॉम्प्युटरला जोडून सावकाश तपासली. करावेच्या फायली गेल्या होत्या. दारावेच्या निम्म्या गेल्या होत्या. सारसोळ्यापर्यंत चोराचा हात पोचला नव्हता.

"हाय मावशी, तुजा कागद हाय," स्नेहल म्हणाली. मुक्ताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"या पेटीनं वाचीवला म्हनायचा," माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या.

"नाय गं मावशी. तिला तर यांनी बाजूला बसवली होती. नुसते दिवे चालू ठेवून." स्नेहलने वळून पाहिलं. "काका, ताई, पूजा करा. मीही घरी करते. पण हार तिच्या पुढ्यात ठेवा, अंगावर नको. आणि वायरीला हात लावायच्या आधी मला फोन."

वामनकाकांनी मान खाली घातली. ताई म्हणाल्या, "चूक माझी. करावेच्या लोकांकडे मूळ कागद आहेत. मी घरोघर जाऊन पुन्हा आणते." आणि त्यांनी ते केलं, तीन आठवडे, रोज ऑफिस सुटल्यावर. दारावेचेही.

मंगळवारी सुनावणीत तो क्रमांक वाचला गेला, मूळ नोंद निघाली, आणि मुक्ताबाईंचं घर मुक्ताबाईंचंच राहिलं.

मित्रांनो, स्नेहल खरं तेच बोलली. त्या दिवशी मी कुणाला वाचवलं नाही, कारण मला कामावर ठेवलंच नव्हतं. मी रागावलेले नाही. त्या हारातली माया मला समजते. तुमच्याही घरी, शाळेत माझ्यासारखं काहीतरी कोपऱ्यात बसलेलं असेल. त्याच्यावर कापड टाकू नका, पुस्तकं रचू नका. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने धूळ पुसा. नवे नियम, म्हणजे अपडेट, आले की ते त्याला वेळेवर शिकवा. काम अडलं तर त्याला वळसा घालू नका, का अडलं ते विचारा. अजून पुष्कळ वर्षं उंबऱ्यावर बसायची ताकद माझ्यात आहे. मला ओवाळलंत तर आनंद आहे, राहून गेलं तरी राग नाही. मला फक्त माझ्या जागी, माझ्या कामावर राहू द्या.