कोमल धैवताची भीती

मित्रांनो, बुलढाण्यातल्या एका शाळेच्या संगीतखोलीत, ओल लागू नये म्हणून विटांवर उभा केलेला मी एक जुना पियानो आहे. दिसतो थोराड, पण आहे भित्रा.

कोलकात्याच्या कारखान्यात माझ्या लोखंडी चौकटीवर दोनशेहून जास्त तारा ताणल्या गेल्या. ट्रकमधून राजूर घाट चढताना प्रत्येक वळणावर वाटे, आता फुटलो! पण पोचलो. संगीताचे नीळकंठ सर माझ्यावर रोज प्रार्थना वाजवत. स्नेहसंमेलनात पाहुणे वाहवा करत. मग सर निवृत्त झाले, माझं झाकण मिटलं आणि उंदरांनी हातोड्यांवरची लोकर कुरतडली.

गेल्या दिवाळीनंतर सर मुद्दाम येऊन माझे स्वर लावत होते. एक गंजलेली तार तुटली आणि सपकन त्यांच्या गालावर बसली. डोळा थोडक्यात वाचला. मी शरमेने गारठलो. मुख्याध्यापिका सरस्वतीबाईंनी मला कुलूप लावलं आणि भंगारवाल्याला शुक्रवारचा निरोप धाडला.

शेषराव शिपायांनी मागाहून बसवलेलं अरुंद दार मोजलं. "हा दारातून निंगत नाही, बाई. इथंच कुऱ्हाडीनं फोडा लागन."

त्या शब्दाने माझी पट्टी न् पट्टी थरथरली.

सरांनी किल्ली मागून घेतली, हातोड्यांना नवी लोकर लावली, सगळ्या गंजक्या तारा बदलल्या आणि बाईंना विनवलं, "एकदा ऐका, मग ठरवा." वाजवायला त्यांनी अमडापूरची, नववीतली समता निवडली. प्रार्थनेच्या शेवटी ती प, नी, रे, म एकत्र वाजवायची. तो स्वरमेळ सा कडे ओढ घ्यायचा. सरांनी त्यातला रे काढून कोमल ग दिला, वर कोमल ध ठेवला. खोलीत काहीतरी दबा धरून बसल्यासारखं वाटलं.

समताने हात झटकन उचलला. "सर, चुकलं हे. मले भेव वाटते."

"चुकलं नाही. ओढ वाढावी म्हणूनच ते स्वर बदललेत. भेव वाटू दे, पण तिथून पळायचं नाही. ध उतरून प वर येतो, नी चढून सा वर जातो, ग शुद्ध होतो. वाट ठरलेली आहे."

शुक्रवारी भंगारवाला व्हरांड्यात येऊन बसला. त्याची कुऱ्हाड मला उघड्या दारातून दिसत होती. समता वाजवू लागली. तो स्वरमेळ आला आणि तिची बोटं तिथंच गोठली. सूर विरत चालला. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. माझ्या तारा आता तुटतील, पोरीच्या डोळ्यात जातील, असं वाटून माझा जीव गोळा झाला. सर तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

समताने एक श्वास घेतला. ध उतरला. नी चढला. ग उजळला. सा, ग, प!

बाई परत खुर्चीत बसल्या. पुढे झुकून म्हणाल्या, "ते भीतीचं पुन्हा वाजव गं." मग शेषरावांकडे वळल्या. "त्या भंगारवाल्याला परत पाठवा. आणि किल्ली समताजवळ द्या."

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. म्हणून विनवतो, जुन्या वाद्यांची ओल पुसा, उंदरांची बिळं बुजवा, वर्षातून एकदा स्वर लावून घ्या. आणि कुणी घाबरून मध्येच थांबलं, तर हसू नका. पुढचा सूर सापडेपर्यंत त्याच्याजवळ उभे राहा.