बिननावाची पुडी

जेल रोडवर वाल्मीक आहेरचं मेडिकल सव्वीस वर्षं जुनं. देवळ्याचा पोरगा, डी. फार्म. करून नाशिक रोडला आला, गाळा घेतला आणि इथलाच झाला. आसपासच्या सोसायट्यांतली माणसं बारीकसारीक दुखण्याला दवाखान्याची पायरी चढत नसत, त्याच्याकडे येत. खोकला असो, जुलाब असो, कंबर धरलेली असो, तो दोन प्रश्न विचारायचा आणि कात्रीने चार गोळ्या कापून द्यायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणत. पहिली काही वर्षं तो म्हणायचा, अहो, मी डॉक्टर नाही. मग ते म्हणणं त्याने सोडून दिलं.

गेल्या दिवाळीनंतर त्याला ती कात्री जड जायला लागली. सकाळी उठला की बोटं लाकडासारखी. मूठ वळायला साडेनऊ-दहा वाजायचे आणि दुकान तर नऊला उघडायचं. एकदा काउंटरवर चार गिऱ्हाइकं उभी असताना कात्री सटकली, स्ट्रिप हातातून उडाली. ती उचलून देत एक पेन्शनर म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्हीच कुणाला तरी दाखवा." सगळे हसले. तोही हसला, पण त्याचे कान तापले होते. दुसऱ्यांना बरं करणाऱ्या माणसाने आजारी पडणं त्याला चोरी पकडल्यासारखं वाटलं.

घरात त्याने काही सांगितलं नाही. बटणं लावता येईनात म्हणून टी-शर्ट घालू लागला. पण त्याची बायको लताबाई पाहत होती की, हा माणूस नळ बोटांनी नाही, मनगटाने फिरवतो. तिने आठ दिवस वाट पाहिली आणि मग सरळ म्हणाली की, तुम्ही दाखवणार नसाल तर मीच नंबर लावते. तेव्हा तो तयार झाला, पण एका अटीवर. डॉक्टर नाशिक रोडचा नको. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोघं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गंगापूर रोडला गेली. तिथल्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात त्याने नुसतं ‘व्यापार’ लिहिलं.

डॉ. स्नेहल चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी त्याचं एकेक बोट दाबून पाहिलं, रक्ताचे रिपोर्ट वाचले आणि सांगितलं की हा आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयाचा वात नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच सांध्यांवर उलटली आहे. औषध नेमाने घेतलं तर सांधे वाचतील, नाही घेतलं तर बोटं वाकडी होतील. एक गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. ती मुख्य. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तोवर स्टिरॉइडची छोटी गोळी, कमी कमी करत सहा आठवड्यांत बंद. वाल्मीकने सगळं नवख्यासारखं ऐकून घेतलं. या दोन्ही गोळ्या त्याच्या दुकानात होत्या. एक फ्रीजशेजारच्या कप्प्यात, दुसरी हाताशी.

रविवारची गोळी त्याला सोसली नाही. सोमवारभर मळमळायचं, अन्नाचा वास नकोसा व्हायचा. त्यात ही गोळी मोठ्या डोसात कॅन्सरलाही देतात हे त्याला ठाऊक होतं, आणि ते एकदा डोक्यात बसलं ते निघेना. तिसऱ्या रविवारी त्याने ती घेतलीच नाही, आणि पुढच्या रविवारीही नाही. डॉक्टरांना फोन करून विचारता आलं असतं. पण फोनवर काय सांगायचं, मळमळतं म्हणून घाबरलो? ती छोटी गोळी मात्र जादूसारखी होती. दुसऱ्याच दिवशी मूठ वळली, चौथ्या दिवशी तो पूर्वीसारखा फटाफट स्ट्रिपा कापू लागला. सहा आठवडे संपले तरी त्याने ती सोडली नाही. कुणाला मागायची नव्हती की चिठ्ठी दाखवायची नव्हती. दुखलं त्या दिवशी एक जास्त.

तीन महिन्यांनी डॉ. स्नेहल यांनी पुन्हा बोटं दाबली. सूज नव्हती. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "रविवारची गोळी तुम्हाला छान लागू पडली." तो "हो" म्हणाला. ती गोळी यकृताला बाधू शकते म्हणून केलेली यकृताची तपासणीही स्वच्छ आली होती आणि ती का स्वच्छ आहे हे त्या खोलीत फक्त त्यालाच माहीत होतं. जिन्यावरून उतरताना लताबाईने समाधानाने त्याचा हात धरला. त्याला तो सोडवून घ्यावासा वाटला.

आणखी तीन महिन्यांत त्याचा चेहरा गोल झाला, गळ्याशी मांस आलं. तपासणीत साखर निघाली, उपाशीपोटी दोनशे चाळीस. डॉक्टरांनी कपाळाला आठी घालून विचारलं, स्टिरॉइड नक्की कधी बंद केलं होतं? "तुम्ही सांगितलं तसं, सहा आठवड्यांनी," तो म्हणाला. लताबाई शेजारीच बसली होती. तिने मान हलवून दुजोरा दिला, कारण तिलाही तेच माहीत होतं. डॉक्टरांनी डायबिटीसची गोळी लिहून दिली आणि गोडाबद्दल समजावलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला, खरी खोडी लपवून भलत्याच खोडीबद्दल बोलणी खाणाऱ्या मुलासारखा.

त्याच आठवड्यात झुंबरबाई आली.

झुंबरबाई सुरगाण्याकडची. वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बांधकामाच्या कामाला म्हणून आली. नवरा वारला, ती इथेच राहिली. आता तीन सोसायट्यांचे जिने झाडायची. मुलगा मनोज रिक्षा चालवायचा. गुडघे धरले म्हणून पाच वर्षांपूर्वी ती दुकानात आली होती, तेव्हा वाल्मीकने तिला हीच छोटी पांढरी गोळी दिली होती, पाच दिवसांची. सहाव्या दिवशी तिने काउंटरवर नागलीच्या पिठाची पिशवी ठेवली आणि सांगितलं की आज मी जिना धावत चढले. तेव्हापासून दर आठवड्याला ती पुडी न्यायची. गोळ्या तो स्ट्रिपमधून काढून कागदात बांधून द्यायचा. स्ट्रिपवर नाव असतं, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असंही छापलेलं असतं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्या मुलाला येत होतं.

त्या दिवशी त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. वाटोळा फुगलेला चेहरा, आणि खाली काडीसारखे पाय. हातावरची कातडी कागदासारखी पातळ, जागोजागी काळेनिळे डाग. आरशात रोज सकाळी जे दिसत होतं त्याचंच पुढचं पान समोर उभं होतं. त्याला ते बघवेना.

"ती गोळी आता मिळणार नाही," तो म्हणाला. "कंपनीने बंद केली."

तिने दोनदा विचारलं, थोडा वेळ थांबली. मागे गिऱ्हाइकं होती. त्याने कॅल्शियमची बाटली पुढे केली आणि ती गेली. त्याला उलट बरं वाटलं, उशिरा का होईना आपण एक चांगलं काम केलं असं. इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकदम तोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते, नाहीतर जिवावर बेततं, हे तो कॉलेजातच शिकला होता. ते त्याला आठवलंही. पण आठवलं तेव्हा ती कोपऱ्यावर वळली होती, आणि हाक मारली असती तर काय काय सांगावं लागलं असतं! पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा बघू, असं त्याने मनाशी ठरवलं.

ती पुढच्या आठवड्यात आली नाही. नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मनोज आला. आई दोन दिवस उलट्या करत होती, आज जिन्यात चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यात ठेवलं आहे, बीपी वर येत नाही. ती कसल्या गोळ्या खात होती असं तिथले डॉक्टर विचारतात. त्याने खिशातून चुरगळलेला कागद काढला. आत एक गोळी होती, कडेला झिजलेली.

"डॉक्टर, ही कसली गोळी हाय?"

काउंटरवर लताबाई होती. दोन बायका बिलासाठी थांबल्या होत्या. वाल्मीकच्या तोंडून निघालं, "कॅल्शियमची. हाडांसाठी असते."

मनोजने मान डोलावली, कागदाची घडी केली आणि रिक्षा वळवून गेला.

त्या बायकाही गेल्या. लताबाई औषधाचं शिकलेली नव्हती, पण वीस वर्षं तिने या फळ्या पुसल्या होत्या. ती हळू आवाजात म्हणाली, "कॅल्शियमची गोळी एवढीशी नसते." आणि मग, त्याच्याकडे न पाहता, "तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर घेता ती आहे ना ही?"

त्याने फळीवरून त्या गोळ्यांची अख्खी स्ट्रिप काढली आणि गाडीची किल्ली घेतली. दवाखाना फार लांब नव्हता. पण वाटेत प्रत्येक सिग्नलला त्याला वाटत होतं की परत फिरावं, कुणाला कळणार आहे. आणि प्रत्येक वेळी हिरवा दिवा लागला म्हणून तो पुढे गेला, एवढंच. पुढे तो स्वतःशी कबूल करायचा की त्यात काही शौर्य नव्हतं.

वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. झुंबरबाईला सलाईन लावलेलं होतं, ओठ पांढरे पडले होते. मनोज खाटेच्या पायथ्याशी उभा होता. वाल्मीकने स्ट्रिप डॉक्टरच्या हातात दिली.

"त्या ही घेत होत्या. रोज दहा मिलिग्रॅम, पाच वर्षं. चिठ्ठी नव्हती. मीच देत होतो. नऊ दिवसांपूर्वी मीच एकदम बंद केली."

तरुण डॉक्टर चिडला नाही. त्याने डोस पुन्हा एकदा विचारून घेतला, सिस्टरला इंजेक्शनचं नाव सांगितलं आणि ते शिरेत जाईपर्यंत खाटेजवळून हलला नाही. नंतर वळून विचारलं, तुम्ही कोण?

"मेडिकल स्टोअर आहे माझं."

मनोज सगळं ऐकत होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "मघाशी तुम्ही कॅल्शियम म्हणाले."

त्याने गळा धरला असता तर वाल्मीकला सोपं गेलं असतं. तो संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहिला. चारच्या पुढे बीपी वर आलं. त्याला ते सिस्टरने सांगितलं, मनोजने नाही.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाई उशीला टेकून बसली होती. तो जवळ जाऊन उभा राहिला, बोलायला शब्द जुळवत होता, तेवढ्यात तिनेच विचारलं की कंपनीने ती गोळी परत सुरू केली का. त्याने मग सगळं सांगितलं. कंपनीने काही बंद केलं नव्हतं, मी खोटं बोललो. ती गोळी तुला द्यायलाच नको होती, आणि दिली तर अशी तोडायला नको होती. आता इथले डॉक्टर सांगतील तशी कमी करत जायची, कित्येक महिने. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाहेर मनोज म्हणाला की तो तक्रार करणार होता, आई नको म्हणते, त्याचं अजून ठरलेलं नाही. वाल्मीक म्हणाला, कर. तेही त्याला धड मोठ्याने म्हणता आलं नाही.

त्यानंतर तो एकटाच गंगापूर रोडला गेला आणि डॉ. स्नेहल यांच्यासमोर सगळं बोलला. बोलताना तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होता. त्यांनी फाइल उघडली, मागची पानं चाळली.

"म्हणजे सहा महिने मी दुसऱ्याच कुणावर उपचार करत होते," त्या शेवटी म्हणाल्या.

एक्स-रेमध्ये उजव्या हाताच्या दोन पेरांची हाडं कुरतडलेली दिसली. ती आता भरून येणार नव्हती. रविवारची गोळी पुन्हा सुरू झाली, कमी डोसाने, मळमळ वाढली तर इंजेक्शन घ्यायचं या बोलीवर. छोटी गोळी महिन्या-महिन्याने थोडी थोडी उतरवायची. साखर कदाचित उतरेल, कदाचित राहील. त्या म्हणाल्या, मळमळत होतं तर सांगायचं ना, त्याला उपाय असतो. फॉर्म नवा करताना त्याने व्यवसाय खरा लिहिला. त्यांनी तो वाचला आणि फाइलला लावला.

गोळी उतरू लागली तशी बोटं परत आखडली. सकाळी लताबाई त्याची बटणं लावायची आणि दुकानात कात्री तीच धरायची. त्या चहाबरोबरच्या गोळीबद्दल ती एकदाही बोलली नाही. पण डॉक्टरकडे आता ती स्वतः कागद घेऊन बसायची आणि प्रत्येक गोळीचं नाव विचारून लिहून घ्यायची. चिठ्ठीशिवाय तो देत नाही म्हटल्यावर काही गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली. कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली की तो मान वर करायचा नाही.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, तो झुंबरबाईच्या खोलीवर गेला. दार मनोजने उघडलं. ये म्हणाला नाही, पण दारही लावलं नाही. तिच्या चेहऱ्याची सूज उतरली होती आणि ती खूप म्हातारी दिसत होती. गुडघे परत धरले होते. जिन्यांचं काम सोसायट्यांनी दुसऱ्या बाईला दिलं होतं. तिने मनोजला चहा ठेवायला सांगितला. वाल्मीक नको नको म्हणत होता, पण कप समोर आलाच. त्याचा कान बोटांत धरता येईना, म्हणून त्याने कप दोन्ही तळव्यांत धरला.

ती बघत होती. तिला सगळ्यांनाच अरे-तुरे करायची सवय होती.

"हाताला काय झालं रं?"

त्याने सांगितलं. आमवात आहे, वर्ष होत आलं.

"मंग तू काय खात व्हतास?"

"तीच गोळी. तुझीच."

तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवले. तिच्या आवाजात राग नव्हता. ती हिशेब लावत असावी तशी सावकाश म्हणाली,

"पर तुला तरी ठावं व्हतं, ती कसली हाय ते."

वाल्मीकने मान खाली घालून चहा संपवला. मग मनोजने पुढे होऊन त्याच्या तळव्यांतून कप काढून घेतला.